मूस जॉ, चार घरं, एक बॉयलर: खरेदीच्या नोंदी

8 सप्टेंबर 2024, रविवार

दीड दिवसाच्या गणपतीचं दुपारी बादलीत विसर्जन केलं आणि तीनला मूस जॉकडे निघालो, भाड्यानं देण्यासाठी विकत घ्यायची एक इमारत बघायला. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातलं हे गाव. आमच्या रिजायनाहून 70 किलोमीटर, हायवे नंबर एक, वळण म्हणावं असं एकही नाही. दोन्ही बाजूंना कापणीची यंत्रं धूळ उडवत होती. गावाच्या तोंडाशी मूस या मोठ्या शिंगांच्या हरणाचा दहा मीटर उंचीचा पुतळा उभा, नाव 'मॅक'. नॉर्वेतल्या एका मूसच्या पुतळ्यानं उंचीचा मान पळवला म्हणून 2019 मध्ये याला मोठी शिंगं बसवली. ज्या गावाला इतका अभिमान आहे, तिथं भाडेकरू टिकतील असं बायकोचं म्हणणं. मी जरा कोरडा विचार करतो: वस्ती 33-34 हजार, हवाई दलाचा तळ, पॉलिटेक्निक, रेल्वे, इस्पितळ. पगार येत राहतील अशा चार जागा आहेत.

इमारत 1968 ची, चार घरांची. अर्धी जमिनीत, अर्धी वर: खालची दोन घरं चार पायऱ्या उतरून, वरची दोन सहा पायऱ्या चढून. पुढे एल्मचं जुनं झाड, मागच्या गल्लीत चार गाड्यांची जागा आणि प्रत्येक जागेपुढे खांबावर विजेचा प्लग. हा प्लग गाडी चार्ज करायचा नाही. हिवाळ्यात इंजिनाचा हीटर रात्रभर लावून ठेवला नाही, तर सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. भाडेकरू घर बघायला येतो तेव्हा ओट्याच्या आधी हा प्लग विचारतो.

मागणी 3 लाख 29 हजार डॉलर.

10 सप्टेंबर

एजंटानं दिलेला कागद: वर्षाचं भाडं 44,280, खर्च 13,000, म्हणजे परतावा साडेनऊ टक्के. भाड्याचा आकडा खरा मानू. खर्चाच्या आकड्यात दुरुस्तीला शून्य आणि रिकाम्या घराला शून्य. छप्पन्न वर्षांच्या इमारतीत नळ गळत नाही आणि भाडेकरू सोडून जात नाही, असा याचा अर्थ.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघांनी वहीत पुन्हा मांडलं. मालमत्ता कर 4,600. विमा 3,800. गॅस 4,200, कारण घरं गरम ठेवणारा बॉयलर चौघांचा एकच आणि उष्णता घरमालकाच्या माथ्यावर. पाणी आणि सांडपाणी 3,100. जिन्यातले दिवे आणि ते चार प्लग 900. बर्फ, गवत 1,200. दुरुस्ती 4,000. पाच टक्के रिकामं धरून 2,214. बेरीज 24,014. हाती उरतात 20,266. मागितलेल्या किमतीवर हे सहा टक्क्यांच्या जरासं वर जातं.

साडेनऊ आणि सहा यांच्या मधली जागा म्हणजे इमारतीचं खरं वय.

15 सप्टेंबर

पुण्याहून मामाचा फोन. त्याला भागीदारी हवी. रिझर्व्ह बँक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवू देते हे त्याला तोंडपाठ. कॅनडानं परदेशी लोकांच्या घरखरेदीवर 1 जानेवारी 2023 पासून बंदी घातली आहे, तीही त्यानं वाचलेली. गंमत अशी की बंदी तीन घरांपर्यंतच्या इमारतीला आहे, चार घरांना नाही. मामा खूश. मग मी सांगितलं की बाहेर राहणाऱ्याच्या वाट्याच्या भाड्यावर, खर्च वजा करायच्या आधीच, 25 टक्के कर कापून सरकारकडे भरावा लागतो. मामा म्हणाला, "बरं, तुझी आई कशी आहे?"

28 सप्टेंबर

दुसरी फेरी, या वेळी भाडेकरू घरी असताना. एक नंबर: तळावर काम करणारं तरुण जोडपं, 1,050. दोन नंबर: पॉलिटेक्निकची दोन मुलं, 1,025. चार नंबर: खाली, रात्रपाळी करणारा माणूस, 925. तीन नंबरही खालीच: एकट्या आजी, 2005 पासून, 690.

तीन नंबरच्या आजी पायरीवर सिगरेट ओढत होत्या. नवरा रेल्वेच्या यार्डात होता, आता नाही. मी नमस्कारासारखं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी विचारलं, "विकत घेणारे तुम्ही पाचवे की सहावे?" मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं: सहावे.

690 हा आकडा बघून एजंट डोळा मिचकावत म्हणाला, इथं वाढीला वाव आहे. खरंच आहे. सस्कॅचवानमध्ये भाड्याला कमाल मर्यादा नाही. पण महिन्या-महिन्याच्या करारात वाढीची नोटीस 12 महिने आधी द्यावी लागते. घरमालकांच्या प्रांतिक संघटनेचे सभासद असाल तर 6 महिने.

इचलकरंजीला आजोबांची सहा खणांची चाळ होती, सगळे मागावरचे कामगार. भाडं गोठलेलं. 1990 च्या दशकातही एका खणाचे 35 रुपये यायचे आणि कौलं बदलायला आजोबा पदरचे घालायचे. मी घरमालकाचा नातू आहे, पण घरमालक म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो गळक्या कौलांखाली बादली सरकवणारा म्हातारा.

12 ऑक्टोबर, दसरा

साठेखतावर सह्या. किंमत 3 लाख 15 हजार, इसार 5 हजार, वकिलाच्या ट्रस्ट खात्यात. तीन अटी घातल्या: कर्ज, तपासणी, विमा. मुदत 1 नोव्हेंबर. बायकोनं आपट्याऐवजी पुढच्या अंगणातलं एल्मचं पान वहीत ठेवलं. पिवळं झालेलं होतंच.

कर्जाचं थोडक्यात, कारण मेव्हणा शेजारच्या मॅनिटोबा प्रांतात, ब्रँडनला, असंच काही बघतोय आणि तो हे वाचणार आहे. चार घरांपर्यंतची इमारत बँकेच्या लेखी 'घर' असते, पाचव्या घरापासून व्यापारी कर्ज लागतं आणि सगळी भाषाच बदलते. तीन-चार घरांपैकी एकात स्वतः राहिलात तर दहा टक्के भरून भागतं. आम्ही राहणार नाही, माझं वर्कशॉप रिजायनाला आहे. म्हणून वीस टक्के.

19 ऑक्टोबर

तपासणी. इन्स्पेक्टर चार तास होता, मी पाठीमागे टॉर्च धरून.

पहिलं: स्विचची पट्टी काढली तर आत रुपेरी तार. अ‍ॅल्युमिनियम. साधारण 1965 ते 1976 मधल्या बांधकामात तांबं महाग म्हणून हे वापरलं. तार स्वतः वाईट नसते, सांधा वाईट असतो. गरम झाली की पसरते, थंड झाली की आकसते, स्क्रूखाली सैल होत जाते, वर ऑक्साइड चढतो. दोन नंबरच्या स्वयंपाकघरातला एक प्लग मागून तपकिरी झाला होता. भाजलेल्या प्लॅस्टिकचा वास मी रोज वर्कशॉपमध्ये घेतो, ओळखायला वेळ लागला नाही.

दुसरं: चार नंबरच्या झोपायच्या खोलीची खिडकी. आगीत त्यातून माणूस बाहेर पडता आला पाहिजे: मोकळी जागा 0.35 चौरस मीटर, आणि कुठलीही बाजू 38 सेंटीमीटरपेक्षा कमी नको. कुणीतरी मधेच सरकती खिडकी बसवली आहे. ती उघडते 46 बाय 63. गुणाकार केला, 0.29. भाडेकरू म्हणाला, "मी बारीक आहे." ते नियमात बसत नाही.

तिसरं: धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म 1 जुलै 2022 पासून प्रांतात प्रत्येक राहत्या घराला सक्तीचे आहेत. इथं दोन घरांत होते, त्यावर तारीख 2009.

बॉयलर जुना पण स्वच्छ. भिंतींना तडे आहेत, पण कडेला सरळ खाली जाणारे, आडवे नाहीत. इथली माती हिमयुगातल्या तळ्याच्या गाळाची. पाणी मिळालं की फुगते, सुकली की आकसते. भिंत मधून आत फुगली असती तर मी तिथूनच घरी गेलो असतो.

इन्स्पेक्टर गेल्यावर तीन नंबरच्या आजींच्या स्वयंपाकघरात अलार्मसाठी जागा मोजत होतो. फ्रिजच्या बाजूला क्रेडिट युनियनचं फुकट मिळणारं कॅलेंडर. चौकोनाचौकोनांत पेन्सिलीनं लिहिलेलं: डॉक्टर, हॉकीचा स्कोअर, "गरम पाणी नाही, 2 तास". जून महिना उलटून पाहिला. 11 तारखेच्या चौकोनात एकच शब्द: गटार.

"हे काय?"

"न्हाणीच्या जाळीतून वर आलं. इतकं." बोटांनी दोन इंच दाखवले.

"नेहमी येतं?"

त्या उठल्या आणि कपाटातून बुटाचा खोका काढला. मागच्या वर्षांची कॅलेंडरं, रबर लावून. आमच्याकडे आजी कालनिर्णयच्या मागच्या पानावर दुधाचा आणि सिलिंडरचा हिशेब लिहायची आणि वर्ष संपलं तरी ते पान फेकू द्यायची नाही. मी जमिनीवर मांडी घालून बसलो. 2024 जून. 2023 मे, जुलै. 2021 जून. 2020 जून. 2018 मे. प्रत्येक वेळी जोराच्या पावसानंतर, आणि 2020 नंतर जास्त वेळा.

विकणाऱ्यानं भरून दिलेल्या माहितीच्या फॉर्मवर सांडपाण्याच्या रकान्यापुढे लिहिलं आहे: त्रास माहीत नाही.

आजींना विचारलं, आधीच्या पाच गिऱ्हाइकांना हे का सांगितलं नाही? "कुणी विचारलं नाही. ते वरची फरशी बघत होते."

22 ऑक्टोबर

सांडपाण्याच्या लाइनमध्ये कॅमेरा घातला, 280 डॉलर. या सगळ्या व्यवहारात सर्वांत स्वस्तात मिळालेली अक्कल.

इमारत 1968 ची, पण त्याआधी या प्लॉटवर जुनं घर होतं आणि रस्त्यापर्यंतची लाइन त्या घराचीच ठेवलेली आहे. मातीच्या भाजक्या नळ्या, दर दोन-तीन फुटांवर सांधा. पहिले सात मीटर ठीक. मग पडद्यावर तांबूस केस दिसायला लागले. आठव्या मीटरला केसांचा पडदा, नवव्याला अंबाडा. एल्मची मुळं. कॅमेरा तिथून पुढे सरकला नाही.

प्लंबर म्हणाला, मुळं कापून देतो, 400 डॉलर, दोन वर्षं चालेल. किंवा उकरून नवीन टाका. उकरायचं तर इथं पाइप आठ-नऊ फूट खोल असतात, वर पुरले तर हिवाळ्यात गोठतात. त्यामुळे खड्डा म्हणजे विहीरच. त्याचा अंदाज: 13 ते 15 हजार, आणि जमीन वितळल्यावरच.

23 ऑक्टोबर

बँक ऑफ कॅनडानं आज दर अर्ध्या टक्क्यानं खाली आणला, 3.75 वर. वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. माझ्या दरात काहीही बदल नाही. पाच वर्षांचा ठरलेला दर सरकारी रोख्यांच्या बाजाराकडे बघतो, बँकेच्या बातमीकडे नाही. मिळाला 5.14, फेड 25 वर्षांत.

25 ऑक्टोबर

एका विमा कंपनीनं 'अ‍ॅल्युमिनियम' शब्द ऐकून फोन ठेवायचीच घाई केली. दुसरी तयार झाली: ताबा मिळाल्यापासून 60 दिवसांत परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सगळे सांधे सुधारून घ्या आणि त्याचं पत्र द्या. विमा नाही तर कर्ज नाही, म्हणजे इथं खरा मालक विमावाला.

30 ऑक्टोबर

कॅमेऱ्याची चित्रफीत आणि कॅलेंडरांचे फोटो एजंटामार्फत विकणाऱ्याकडे. 14 हजार कमी करा म्हटलं. त्याचं उत्तर आलं: 5 हजार. आम्ही काहीच बोललो नाही. आजींच्या 2023 च्या जुलैच्या चौकोनात असंही लिहिलं होतं की "मालकाला फोन केला, तो आला, पंप लावला". हे वाक्य मी मुद्दाम वेगळ्या फोटोत पाठवलं. संध्याकाळी 12 हजारांवर आला.

किंमत 3 लाख 3 हजार. वीस टक्के म्हणजे 60,600 आमचे, 2,42,400 कर्ज. हप्ता 1,429. वहीतल्या हिशेबानं महिन्याला 260 डॉलर उरतात. इतकी बारीक शिल्लक बघून बायको म्हणाली, "महिनाभर राबून 260?" मी म्हटलं, भाडेकरू आपलं मुद्दल फेडतायत. ती म्हणाली, "राबतायत ते."

1 नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

अटी उठवल्या. पाटावर वही ठेवली, त्यावर हळदकुंकू. अजून आपलं काहीही नाही.

20 नोव्हेंबर

वकीलबाईंकडे सह्या. गावाकडे जमीन घेताना तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, फेरफार, वारसांची नावं, कुठली आत्या सही करायची राहिली आहे का, हे सगळं पाहिलं होतं. इथं टायटलचं एक पान. त्यावर जे आहे ते सरकारच्या हमीनं आहे. आमच्या पानावर विकणाऱ्याचं जुनं कर्ज, जे फेडलं जाईल, आणि वीज कंपनीचा मागच्या गल्लीतून तार नेण्याचा हक्क. बाईंनी अकरा मिनिटांत समजावलं. मी उगाच तीनदा वाचलं.

डिपॉझिटच्या यादीत तीन नंबरपुढे शून्य. आजींना फोन केला. त्यांच्याकडे 2005 ची पावती आहे, 250 डॉलर. बुटाचा खोका पुन्हा कामी आला. ती रक्कम विकणाऱ्याच्या पैशातून वळती झाली. नाहीतर उद्या आजी सोडून गेल्या असत्या तर ते मी खिशातून दिले असते.

2 डिसेंबर, सोमवार

ताबा. किल्ल्यांचा जुडगा मिळाला, सतरा किल्ल्या, नऊ कुठल्याच कुलपाच्या नाहीत.

9 ते 19 डिसेंबर

वायरिंग. परमिट काढलं. चार घरांत मिळून 118 ठिकाणं: प्लग, स्विच, दिवे. प्रत्येक ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या टोकाला तांब्याचा छोटा तुकडा, दोन्ही धातूंसाठी मान्य असलेल्या जोडणीतून. मी संध्याकाळी पट्ट्या काढून ठेवायचो आणि सकाळी इलेक्ट्रिशियन यायचा. तपकिरी झालेले प्लग एकूण सहा निघाले, त्यातला एक लहानशा खोलीत, ज्यावर एक नंबरच्या जोडप्यानं पाळणा टेकवला होता. पाळणा रिकामा आहे अजून, फेब्रुवारीत भरेल.

5,900 डॉलर, वर 5 टक्के केंद्राचा आणि 6 टक्के प्रांताचा कर. अलार्म सगळीकडे नवीन. चार नंबरची खिडकी दाराप्रमाणे उघडणारी, 1,400. तळमजल्याच्या दोन्ही घरांत रेडॉन मोजायच्या डब्या ठेवल्या, तीन महिन्यांसाठी. या प्रांतात जमिनीतून हा किरणोत्सारी वायू बराच येतो, आणि आमची निम्मी घरं जमिनीत.

पहिल्या वर्षीचे 260 इथंच संपले. पुढच्या वर्षीचेही.

22 डिसेंबर

आजींना भाडेवाढीची नोटीस. 690 वरून 740, 1 जानेवारी 2026 पासून. आदल्या रात्री बायकोशी वाद झाला. ती वृद्धाश्रमात नर्स आहे, अशा पन्नास डॉलरांचा अर्थ तिला माझ्यापेक्षा जास्त कळतो. पण गेल्या सात वर्षांत एकाही मालकानं वाढवलं नाही, आणि पुढचा कुणी एकदम तीनशे वाढवील. मला आजोबांची चाळ दिसत होती: न वाढलेलं भाडं आणि न बदललेली कौलं, दोन्ही एकाच वहीत.

हे सगळं मी मनात जुळवून गेलो होतो. आजींनी कागद चष्मा लावून वाचला. "बारा महिने द्यावे लागतात. तुम्ही दहा दिवस जास्त दिलेत." मग कॅलेंडर नवं आलं होतं त्याच्या शेवटच्या पानावर, पुढचं वर्ष असं लिहून, 740 टिपलं. तोंडावर काही दिसलं नाही. दार जरा लवकर लावलं.

18 फेब्रुवारी 2025, मंगळवार

रात्री 1 वाजून 40 मिनिटांनी आजींचा फोन. उष्णता गेली. गाडीच्या काट्यावर उणे 36. हायवे हॉटलाइन पाहिली, रस्ता उघडा पण वाऱ्यानं बर्फ उडतोय. मागे फावडं, घोंगडी, मेणबत्ती, पाण्याची बाटली. ती वाटेतच गोठणार हे माहीत असूनही घेतो.

फोन चालू ठेवला होता. त्या म्हणाल्या, "बॉयलरला हात लाव."

"मी अजून गाडीत आहे."

"मी लावला. गरम आहे. पाइप थंड आहेत. लाल पंपाची मोटर गुणगुणतेय. 2016 ला हेच झालं होतं."

तिथंच मला कळायला हवं होतं, मेकॅनिक मी आहे. जुन्या पद्धतीचा तीन भागांचा पंप: मोटर एकीकडे, पंखा दुसरीकडे आणि मध्ये स्प्रिंगांचा कपलर. स्प्रिंग तुटली की मोटर मजेत फिरते आणि पाणी जागचं हलत नाही. बाहेरून सगळं चालू दिसतं. पण रात्री अडीचला मूस जॉत कपलर कुठून आणायचा?

पोचलो तेव्हा त्या कोट-टोपी घालून बॉयलरच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. "फळीवर, मागे, कॉफीचा निळा डबा." डब्यात खिळे, फ्यूज, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत नवाकोरा कपलर. आधीच्या कुठल्यातरी मालकानं 2016 ला एक बसवून दुसरा ठेवला असणार. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, त्याचं भलं होवो.

वीज बंद केली. मोटरचे चार बोल्ट काढून ती मागे ओढली. षटकोनी किल्लीनं दोन बारीक स्क्रू सैल केले. जुना कपलर हातात आला तो तीन तुकड्यांत. नवा दांड्यावर सरकवताना बोटं काम करत नव्हती. खोलीत बॉयलर असल्यामुळे उबदार होतं, तरी. आजींनी टॉर्च धरला. अगदी जिथं हवा तिथं धरला, आयुष्यभर नवऱ्याला धरून दिलेला असणार. पंचवीस मिनिटं. चालू केला. आधी काहीच नाही. मग वरच्या घरातून, भिंतीच्या कडेच्या पट्ट्यांतून, टक्... टक् टक्... असा पत्रा गरम होऊन ताणल्याचा आवाज यायला लागला आणि खाली उतरत आमच्यापर्यंत आला.

एक नंबरमध्ये सात दिवसांचं बाळ आहे. त्याच्या बापानं दार उघडून फक्त अंगठा वर केला.

सकाळी दोन कपलर मागवले. एक डब्यात जाईल.

29 मार्च, शनिवार

एल्मची खालची फांदी उतरवली. उकरायच्या यंत्राचा हात तिला लागणार होता. घाई यासाठी की 1 एप्रिल ते 31 ऑगस्ट या प्रांतात एल्म छाटायला बंदी आहे. डच एल्म रोग पसरवणारे भुंगेरे त्या काळात ताज्या जखमेच्या वासानं येतात. दोन नंबरच्या मुलांनी शेकोटीसाठी लाकूड मागितलं. तेही बेकायदा: एल्मचं लाकूड साठवायचं नाही, जाळायला न्यायचं नाही, थेट गावानं ठरवलेल्या जागी टाकायचं. मुलांना वाटलं मी कंजूषपणा करतोय. 

उद्या पाडवा. गुढीला काठी म्हणून फांदीतला सरळ तुकडा बायकोनं बाजूला काढला होता. तोही टाकायला लावला.

12 एप्रिल

रेडॉनचं उत्तर: हवेच्या घनमीटरला तीन नंबर 170, चार नंबर 260 बेकेरेल. हेल्थ कॅनडाची मर्यादा 200. चार नंबरच्या फरशीला भोक पाडून खालची हवा पंख्यानं बाहेर काढणारी नळी बसवणार.

कराचा पहिला कागदही भरला. व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. इमारतीचा घसारा वर्षाला 4 टक्के घेता येतो, जमिनीचा नाही, आणि घसाऱ्यानं तोटा दाखवता येत नाही. पहिल्या वर्षी एकच महिना आणि सगळा खर्च. घसाऱ्याला हात लावायचीही गरज पडली नाही.

3 जून, मंगळवार

उकरलं. सकाळी आठला यंत्र लागलं. वरचा फूटभर काळी माती, खाली राखाडी चिकणमाती, सुरीनं कापावी तशी चकचकीत कापली जात होती. आठ फुटांवर नळी लागली. खड्ड्याच्या भिंतींना लोखंडी पेटी लावल्याशिवाय ठेकेदार आत उतरला नाही आणि मलाही उतरू दिलं नाही. त्यानं सांध्याखाली फावडं घातलं आणि सबंध अंबाडा वर काढला: ओला, तांबडा, मांजराएवढा. आत एक लहान मुलाचा प्लॅस्टिकचा चमचा अडकलेला. चमच्यानं खाणारं लहान मूल या इमारतीत एवढ्यात तरी नव्हतं.

दुपारी नवी प्लॅस्टिकची लाइन, उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, इन्स्पेक्टरची सही. 13,640 आणि कर. विकणाऱ्यानं कमी केलेले 12 हजार धरले तर आमचे तीनेक हजार गेले.

आजी खुर्ची घेऊन अंगणात बसल्या होत्या. संध्याकाळी मी विचारलं, आज कॅलेंडरवर काय लिहिणार? "ऑइलर्सचा हॉकीचा सामना उद्या आहे," म्हणाल्या.

21 जून, शनिवार

रात्रभर पाऊस, विजा. पहाटे पाचपासून फोन हातात धरून बसलो. आजींचा आला नाही. सात वाजता मीच केला. जाळी कोरडी.

आठ वाजता चार नंबरचा फोन. नव्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात पाणी साचून काचेपर्यंत आलंय आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यातून आत झिरपतंय. त्यानं खाली पातेलं ठेवलंय.

छपराच्या पन्हळीचा पाइप त्याच कोपऱ्यावर उतरतो. मार्चमध्ये बघितला होता, मनात म्हटलं होतं नंतर बघू. दहा फुटांचा जोड-पाइप आणि दोन पोती खडी घेऊन निघतोय.